नणंदेसाठी प्रार्थना

पवित्र अंतःकरणाहून मोठी ठेव माणसाजवळ दुसरी नाही. वहिनींजवळ ही ठेव होती. फक्त नणंदेच्या बाबतीत ती वापरायची सवय राहिली नव्हती.

चर्चच्या उपासनेत एकटीने म्हणायचं गीत वहिनींकडे होतं, थेट लग्न होऊन आल्यापासून. मग त्यांचा आवाज जाडावला. पाळकसाहेबांनी गीत त्यांच्या धाकट्या नणंदेला दिलं आणि वहिनींना ऑर्गनवर बसवलं. "सेवा ती सेवाच," ते म्हणाले. नणंद घरी भांडी घासताना तेच गीत घोळवायची. वहिनी नेमका तेव्हाच मिक्सर लावायच्या.

राग आलाय, असं त्या कधीच म्हणाल्या नसत्या. ख्रिस्ती माणसाला राग येत नाही. त्याला काळजी वाटते. पोरगी गर्वाने फुगतेय अशी वहिनींना काळजी वाटू लागली आणि त्या रोज गुडघे टेकून तिच्या नम्रतेसाठी प्रार्थना करू लागल्या. अगदी कळकळीने. शेवटी कळकळ इतकी वाढली, की देवाच्या कामाला आपणही जरा हातभार लावावा असं त्यांच्या मनात आलं.

विजेवरच्या त्या ऑर्गनला पट्टी चढवायचं एक बटण होतं. त्या रविवारी पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. वहिनींनी ते बटण दाबलं, पुन्हा दाबलं. एवढ्या वर नणंदेचा आवाज फाटणार, हे नक्की. "आमेन," वहिनी सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.

नणंद ऑर्गनशेजारी येऊन उभी राहिली.

"वहिनी, घशाला कोरड पडलीय. माझ्यासाठी प्रार्थना करा हं."

"चालूच आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही आहात म्हणून उभी तरी राहतेय. नाहीतर कधीच पळाले असते."

वहिनींनी सुरुवातीचे सूर छेडले. नणंदेने श्वास घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. पोहायला शिकणारं पोर काठावरच्या माणसाकडे पाहतं तसं. वहिनींची बोटं थांबली. रोज गुडघे टेकून आपण देवाकडे काय मागत होतो, ते त्यांना लख्ख दिसलं. आता बटण गुपचूप खाली करता आलं असतं. पण मग पुढच्या रविवारी तेच बोट, तेच बटण, तीच नणंद.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"पट्टी मी मुद्दाम चढवलीय."

"कशाला हो?" नणंदेने विचारलं.

"तुझा आवाज फाटावा म्हणून. जळत होते गं तुझ्यावर."

"काय म्हणाली?" पहिल्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनी विचारलं.

"जळत होते म्हणाली!" आजी त्यांच्या कानात ओरडल्या. मागच्या बाकांवर ज्यांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "मिक्सर लावायचात तेव्हाच कळायला हवं होतं मला! चला, आता खालचा सूर तुम्ही धरा. एकटीने नाही जमायचं मला."

वहिनींनी पट्टी उतरवली आणि वाजवता वाजवता गाऊ लागल्या. जाडा आवाज खाली, कोवळा वर. छातीवरची शिळा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं त्यांना हलकं झालं. शेवटच्या कडव्याला सगळी मंडळी न सांगता उभी राहिली, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच वहिनींना आपण कसं गातोय याची फिकीर नव्हती.

चहाच्या वेळी पाळकसाहेबांनी दोघींचे हात हातात घेऊन देवाची स्तुती केली आणि पुढच्या रविवारपासून गीत आपल्या मेहुणीला दिलं.