जालान सबार

मी जालान सबार बोलतोय. मुआर नदीकाठचा एक आखूड रस्ता. मलायीत जालान म्हणजे रस्ता आणि सबार म्हणजे सबूर. पण माझ्यात ती औषधालाही नाही! सकाळपासून मशिनं घरघरताहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

पूर्वी मी नुसती चिखलवाट होतो. रबराच्या मळ्यातून होडीच्या धक्क्याकडे जाणारी. मला नावसुद्धा नव्हतं.

पुराच्या दिवसांत मळ्यातल्या मेलूरला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलेलं. दवाखाना नदीपलीकडे. नवऱ्यानं, जाइसनं, तिला बैलगाडीत घातलं. सोबत कलथोम सुईण. निम्म्या वाटेत चाक आसापर्यंत रुतलं.

“हाण ना त्या बैलाला!” मेलूर किंचाळली.

“सबार!” सुईण ओरडली.

“कुणाला म्हणतेस, मावशी? हिला की बैलाला?”

“तुलासुद्धा, मुडद्या! उतर खाली, खांदा लाव चाकाला!”

चिखल चाक सोडेना आणि मला काही करता येईना. सुईणीची ‘सबार, सबार’ ही हाक वस्तीपर्यंत गेली. माणसं धावली. त्यांनी घरांची दारं उखडून आणली, चिखलावर अंथरली. गाडी दारांवरून धक्क्याला पोचली.

मेलूर वाचली. मूल नाही.

ती रिकाम्या हातांनी चालत परतली, तेव्हा तिला सबार म्हणायची कुणाची छाती झाली नाही. काही दिवसांनी ती नदीवरून खडीची पाटी घेऊन आली आणि चाक रुतलं होतं तिथे ओतली. मग जाइसनं ओतली. मग साऱ्या वस्तीनं. असा मी रस्ता झालो. “कुठं निघालात?” “सबारवर, खडी टाकायला.” नाव तिथून पडलं.

आता इथे नवी घरं होताहेत. परवा एक साहेब केळ्याची भजी खाताखाता म्हणाले, “सबार फार रडकं वाटतं. हार्मोनी तीन करू.”

“एक आणि दोन कुठं आहेत?” भजीवाल्या रुगायाबाईनं विचारलं.

“होतील.”

“मग तोवर आम्ही तिसरेच!”

काल माझी पाटी काढून हार्मोनी तीनची लावली. आज रुगायानं बाजाराला जायला पाटीवरचं नाव सांगून टॅक्सी बोलावली. फोनवर ड्रायव्हर वैतागला, “हार्मोनी तीन? असला रस्ताच नाही, बाई.”

“अरे, सबारवर ये बाबा, सबारवर!”

तो सरळ आला.

मशिनं पुन्हा सुरू झालीत. बाबांनो, इकडे आलात तर पाटी वाचू नका, कुणाला तरी विचारा. लोकांच्या तोंडी आहे तोवर मी आहे.