सात भोकांची पट्टी

सदानंद आखातातल्या फुजैराच्या तेल टर्मिनलमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर होता. शनिवारी सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर फिरायचं, हा त्याचा एकमेव छंद. मिळायचं काय, तर डब्यांची झाकणं, जाळ्यांची शिशाची वजनं, क्वचित एखादं नाणं. त्या दिवशी पाण्याच्या कडेला वीतभर वाळू उकरल्यावर तळहाताएवढी, जराशी वाकलेली पट्टी निघाली. सात भोकं, त्यातल्या एकात अडकलेला तिरका स्क्रू. गंज मात्र कुठेच नाही.

अबुधाबीजवळ मुसफ्फामध्ये वर्कशॉप चालवणाऱ्या मित्राला, नोमानला, त्याने फोटो पाठवला. हे बोटीचं काम नाही, एवढंच नोमान खात्रीने सांगू शकला. घरी बायकोने, अनुराधाने, पट्टी हातात घेतली. ती फिजिओथेरपिस्ट. मोडलेल्या नडगीला ही पट्टी बसवतात, असं तिने सांगितलं. मग हळूच म्हणाली, "कोणाच्या तरी अस्थींबरोबर आली असणार."

सदानंदने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सापडलेल्या पट्टीबद्दल मेसेज टाकला. तिसऱ्या दिवशी दुबई मरीनाहून अस्मिता नावाच्या मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "काका, खालून दुसऱ्या भोकातला स्क्रू तिरका आहे का?"

तिच्या बाबांचा पाय पुण्यात स्कूटरवरून पडून मोडला होता. पुढे पट्टी काढायला गेले तेव्हा तो एक स्क्रू डॉक्टरांना काढता आला नव्हता, म्हणून पट्टी पायातच राहिली. तिने जुना एक्स-रे पाठवला. सदानंदने पट्टी शेजारी धरून पाहिली. तीच होती.

बाबा इथेच, २०२० मध्ये, कोविडने गेले. अस्मिता तेव्हा स्वतःच क्वारंटाइनमध्ये होती आणि आई नाशिकला अडकलेली. सगळं भाऊ सुयशने एकट्याने केलं. बोटीने खोल समुद्रात जाऊन विसर्जन केलं, असं त्याने दोघींना सांगितलं होतं.

"तुम्हाला ती कुठे मिळाली?" अस्मिताने विचारलं.

 खोटं बोलणं सदानंदला जमेना. "किनाऱ्यावरच. पाण्याच्या कडेला."

पुढच्या शनिवारी भाऊ-बहीण दोघंही त्या किनाऱ्यावर आली. सदानंदने हातात दिलेल्या पट्टीकडे सुयशने पाहिलं आणि तो वाळूतच बसला. बोट मिळालीच नव्हती, असं त्याने सांगितलं. कोणी हटकेल म्हणून भल्या पहाटे तो एकटाच इथे आला होता. "मला पाण्यात उतरवेना गं. कलश इथेच रिकामा केला आणि पळालो. पाच वर्षं आईला बोटीची गोष्ट सांगतोय."

 अस्मिताने त्याचा हात धरला आणि दोघं कपड्यांनिशी छातीभर पाण्यात गेली.  तिथे सुयशने मूठ उघडली आणि पट्टी पाण्यात सोडली.

बाहेर आल्यावर त्याने तिथूनच आईला फोन लावला आणि त्या पहाटेपासून आत्ता पाण्यात उतरेपर्यंतचं सगळं, काहीही न वगळता, सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता. 

पलीकडून आईचा आवाज आला. "एवढं सगळं एकट्याने केलंस, बाळा." मग ती म्हणाली, "ओल्या कपड्यांत उभा असशील. आधी ते बदल."