सातवी खूण

मित्रांनो, आधी माझ्या पोटाखालून बाहेर या, म्हणजे नीट बोलता येईल. मी एक जुने बॉम्बफेकी विमान. या संग्रहालयात आलेली मुले माझ्या नाकाजवळच्या पिवळ्या खुणा मोजतात. एकेक खूण म्हणजे एकेक फत्ते झालेली मोहीम, असे माहिती सांगणारे काका म्हणतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

आमचे घराणे जुने. पणजोबा लाकडाचे आणि कापडाचे होते. त्यांना फक्त शत्रूची छावणी वरून पाहून यायला पाठवत. पुढे कोणीतरी वैमानिकाच्या हाती बंदूक दिली. मग बॉम्ब मांडीवर घेऊन जायचा आणि हातानेच खाली सोडायचा, अशी रीत पडली. माझ्या जन्मापर्यंत आमची अंगे धातूची झाली होती. मला कारखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणींनी जोडले. एक बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची, दुसरी आत बसून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. पोटाचे दार बसवताना थोरली म्हणाली, "हे ऐन वेळी अडकता कामा नये हं." ते कधीच अडकले नाही.

वाट आखून बॉम्बचा नेम धरणाऱ्या माझ्या नेमबाजाला सगळे घड्याळजी म्हणत. निघाल्यापासून किती मिनिटांनी कुठे पोचणार, हे तो आधीच मांडून ठेवी आणि ते बिनचूक येई. मोहीम झाली की मेकॅनिक रंगाचा डबा घेऊन येई आणि एक खूण काढी. अशा सहा खुणा मी शेजारच्या विमानांपुढे नाक वर करून मिरवल्या.

सातव्या सकाळी नदीच्या दुसऱ्या वळणावरचे वीजघर पाडायचे होते. उंच धुराडे ही त्याची ओळख. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा होता, त्यामुळे आम्ही मागे पडलो होतो, पण खाली ढग असल्याने कोणाला कळले नाही. घड्याळात मिनिटे भरली. ढगांच्या फटीतून वळण दिसले, धुराडेही दिसले.

"एक फेरी मारून बघू या का?" वैमानिकाने विचारले.

"कशाला? माझी मिनिटं चुकत नाहीत," घड्याळजी म्हणाला.

माझे दार उघडले. ते वळण पहिले होते आणि धुराडे वीटभट्टीचे होते.

दुसऱ्या दिवशी वरून काढलेले फोटो आले, त्यांत वीजघर उभेच होते; तोवर मेकॅनिकने खूण काढलीही होती. तळावरचे साहेब फोटो उलटा ठेवून म्हणाले, "राहू दे ती खूण. पुसली तर पोरांचा धीर खचेल." मला बोलता येत नव्हते हे खरे. पण ती पुसली जावी असे मला वाटलेही नाही. सहापेक्षा सात बरे दिसत होते. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

मग जेट विमाने आली. कालची शेंबडी पोरे, पण माझ्या दुप्पट वेगाने जात. मी अडगळीत गेले. आता तर आत वैमानिकच नसलेली विमाने निघाली आहेत म्हणे. फेरी मारू या का, असे त्यांना कोण विचारत असेल?

मागच्या महिन्यात माझे रंगकाम निघाले. खुणा फिकट होऊन पुसट झाल्या होत्या. रंग देणाऱ्या ताईंनी घड्याळजीला मुद्दाम बोलावून घेतले. तो काठी टेकत आला.

"आजोबा, ही सातवी खूण आहे की नुसता डाग? डाग असेल तर सपाट रंग मारून टाकते."

डाग म्हटले की झाले असते. त्याने तसे म्हणावे, अशी मी मनोमन विनवणी करत होते.

"खूण आहे," तो म्हणाला. "पण पिवळी नको, काळी करा. आणि खाली लिहा, वीटभट्टी. चूक माझी होती."

"असं कसं लिहू? लहान मुलं वाचतात इथं."

"मग मोठ्या अक्षरात लिहा."

ताईंनी ब्रश खाली ठेवला. त्याला बसायला स्टूल दिले आणि हळूच विचारले, "किती माणसं होती हो तिथं?"

"मी कधी विचारलंच नाही," घड्याळजी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, बिजागऱ्यांना तेल द्या, तुमचे उपकार होतील. पण आता काळ्या झालेल्या त्या सातव्या खुणेपाशी टाळ्या वाजवू नका. तिथे किती माणसे होती, असे काकांना विचारा. त्यांना सांगता येणार नाही. तरी विचारा.