कंठानंद महाराजांची धुरी

चैत्रातल्या जत्रेची दुपार. तासगावजवळच्या त्या वाडीत देवळापुढचा मांडव गच्च भरलेला. बायकांच्या भजनाची स्पर्धा होती, पण कुणाचं ध्यान ना पेटीकडं ना पखवाजाकडं. सगळ्या माना वळल्या होत्या एका पाटाकडं. पाटावर कंठानंद महाराज बसले होते. अंगावर एवढ्या माळा, की ज्या गळ्याच्या गोष्टी चालल्या होत्या तो त्यांचा स्वतःचा गळा काही दिसत नव्हता.

"गाणारणीच्या कंठात सात सुरांचे सात नाग निजलेले असतात, माय!" महाराज डोळे मिटून सांगत होते. "पाणी पडलं की नाग बुडतात. भाकर पडली की नाग दबतात. कालच्या सूर्योदयापासून जिनं थेंबभर जरी घेतलं असेल, तिला आमची धुरी पकडणार म्हणजे पकडणार!"

"व्हय महाराज, व्हय," करत वाडीच्या भजनी मंडळाच्या बाया माना डोलवत होत्या. तेवढंही त्यांना जड जात होतं. महाराजांनी परवाच घालून दिलेल्या नेमापायी कालपासून पोटात अन्न नाही, पाणी नाही, आणि वर हे ऊन. ओठांना पापुद्रे सुटले होते.

साळू खांबाला टेकून हे सगळं बघत होती आणि तिचं टाळकं तापत होतं. सोळा वर्षांची पोर. सातवीत गुरुजींशी भांडून शाळा सोडली, तेव्हापासून आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर कामाला. तिची आई लीलाबाई म्हणजे मंडळाची मुख्य गाणारीण.

मंडळाची म्होरकी रंगुबाई लीलाबाईच्या कानाशी लागली. "लीले, तू कायबी घेतलं न्हाईस न्हवं?"

"पानी प्यालेय की," लीलाबाई सरळ म्हणाली. "शेडवर जीव जायची येळ आली हुती. आवं, बारा वर्सं गाते मी. गायच्या दोन तास आदी अर्धी भाकरी नि आमटी खाते, मदनंमदनं कोमट पानी पिते. कवा बसला माजा गळा?"

महाराजांचा चेला कोंडीबा धुपाटणं घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं वाकून महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं. महाराजांनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

मग धुरी सुरू झाली. पाच बायांनी एकेक करून वास घेतला. उदाचा चांगला वास, कुणाला ठसका नाही की काही नाही. मग प्रत्येकीला वाटीभर 'कंठामृत'. पिता पिता बायांचे डोळे मिटत होते. एकीनं 'आ' लावून बघितला तर आवाज मोकळा! "महाराज की जय" म्हणत मांडव उठून उभा राहिला.

लीलाबाईची पाळी आली. कोंडीबाचा हात कमरेला गेला आणि निखाऱ्यावर काहीतरी पडलं. लीलाबाईनं श्वास घेतला मात्र, ती कमरेतनं वाकलीच. खोकून खोकून डोळ्यांतनं धारा.

"पकडलं धुरीनं!" महाराज कडाडले. "कंठ बाटला!"

रंगुबाईनं तिच्या हातातले टाळ काढून घेतले. "आज तू गायचं न्हाईस लीले. हितनं पुढंबी न्हाई."

बारा वर्षांची जागा अशी गेली. लीलाबाई बोलायला गेली, पण घशातनं नुसती खरखर आली.

साळूनं मात्र निखारा बघितला होता. त्यावर निळी ज्योत सरकली होती, आणि नाकाला झोंबणारा वास तिच्या ओळखीचा होता. बेदाणा पिवळाधमक व्हावा म्हणून शेडच्या खोलीत जे जाळतात आणि दार उघडताना नाकाला पदर लावावा लागतो, तेच हे. तिनं पाटापाशी उडीच घेतली.

"ह्यो ऊद न्हाई! गंधक हाय गंधक!"

"पोरी, तुला बाधा झाली आहे," महाराज म्हणाले.

"मला शेडवर रोजच हुती बाधा. तुमी किती दिस पानी प्याला न्हाईसा?"

"आम्ही? एकवीस दिवस."

"मग तुमाला कशाचं भ्याव?"

कोंडीबा सावरायच्या आत तिनं त्याच्या कमरेची पुरचुंडी ओढली, चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि धुपाटणं महाराजांच्या नाकाखाली धरलं. माळा खडखडायला लागल्या. महाराज जांभळे झाले.

"कोंड्या! पाणी! पाणी आण, मेल्या!"

आणि सगळ्या मांडवासमोर महाराजांनी तांब्या घटाघटा रिकामा केला.

"आवं महाराज, नाग बुडलं की!" मागनं कुणीतरी ओरडलं.

शेडचा मुकादम आकाराम पुढं आला. पुरचुंडीतली पूड त्यानं बोटांत चोळली. "आमचाच माल हाय. परवा ह्यो कोंडीबा खरजेच्या मलमाला पायजे म्हनून मूठभर घिऊन गेला."

साळूनं कंठामृताची वाटी चाखली. "गूळ नि कोमट पानी! निमूट ऐकंल तिला ऊद, उलटं बोलंल तिला गंधक. आदी दीड दिस तहान लावायची, मग पानी पाजायचं, आन् त्याला चमत्कार म्हनायचं व्हय?"

"पर माजा गळा सुटला की गं त्येनं," रंगुबाई पुटपुटली.

"आवं मावशी, दीड दिस तहानलेल्या म्हशीला पानी दावा. तीबी झ्याक हंबरंल!"

रंगुबाईनं टाळ परत लीलाबाईच्या हातात दिले. लीलाबाईनं मान हलवली. "आज न्हाई," ती कशीबशी म्हणाली. "जळल्या घशानं गायले तर हाय त्योबी जाईल."

मंडळ तिच्याशिवाय गायलं आणि दुसऱ्याच अभंगाला सगळ्यांचे गळे बसले. स्पर्धेची ढाल वाईहून आलेल्या बायांनी नेली. त्या एसटीनं थेट स्पर्धेलाच आल्या होत्या, म्हणून महाराज त्यांना भेटलेच नव्हते. त्या पिठलं-भाकरी खाऊन, वर पाणी पिऊन, घटकाभर बसून गायल्या होत्या.

लीलाबाईचा आवाज परत यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस ती खुणेनं बोलली आणि साळू चिडून दोघींचंही बोलली.

गळा म्हणजे मांस, बायांनो. ते सुकतं, ते जळतं, कोमट पाण्यानं त्याला बरं वाटतं. उद्या कुणी धुपाटणं घेऊन आला तर आधी विचारा, निखाऱ्यावर काय टाकलंस ते दाव. दावत नसला तर उठा, आणि पाणी पिऊन गायला बसा.