चार घरचा पाहुणा

"मग तू नक्की करतस तरी काय गो?" बाबांनी हा प्रश्न दोन वर्षांत इतक्या वेळा विचारला, की शेवटी शेवटी मी ताटावरून मान वर न करताच "शिकतेय" म्हणायचे. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत एकाच साच्यावर कापड विणत अख्खं आयुष्य उभे राहिले. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात चिकटले ते चिकटलेच. लेक मात्र दर सहा महिन्यांनी खातं बदलते, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मलाही कुठे पडत होतं म्हणा.

कंपनी रंगांची, घरांच्या भिंतींना लावतात त्या. एमबीए झाल्या झाल्या त्यांनी आम्हा काहीजणांना 'लीडरशिप प्रोग्रॅम'मध्ये घेतलं. दोन वर्षं, चार खाती, आणि शेवटी एखाद्या साहेबाने नावानिशी मागितलं तर त्याच्या खात्यात कायमचं टेबल. ऐकायला झकास. प्रत्यक्षात, लोकांची नावं तोंडात बसतात न बसतात तोच केक कापून निरोप. तो केकही दर वेळी अननसाचा. मला अननस आवडत नाही, हे कोणाला कळण्याइतकी मी कुठे राहिलेच नाही.

दादरचं सेल्स झालं, परळच्या ऑफिसात अकाउंट्स झालं, तिथेच वरच्या मजल्यावर मार्केटिंग झालं. सगळे गोड बोलायचे. "तू बस गं, तुला कशाला त्रास!" चुकलं तर हसून स्वतःच दुरुस्त करायचे. पाहुण्याला कोण ओरडणार? आणि जाणारीला शिकवून तरी काय करायचं, हेही त्यांचं बरोबरच होतं. पण रोज हसऱ्या चेहऱ्याने उपऱ्यासारखं बसून राहायचं, तेही दिवसभर, म्हणजे माणूस आतून थकतो. घरी आले की खांद्यावरची बॅगही न उतरवता मी नुसती बसून राहायचे. आईला वाटायचं, पोरीला काम फार आहे.

चौथं आणि शेवटचं खातं म्हणजे रे रोड स्टेशनजवळचं गोडाऊन. "कसेतरी काढ तेवढे दिवस," असं प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सुरुची मॅडम म्हणाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मी ठाण्याच्या गाडीत पनवेलचा माल चढवला. गोडाऊनचे मॅनेजर जयवंत साहेब सगळ्या हमालांसमोर कडाडले, "डोळे काय घरी ठेवून येतेस? उतरव सगळा! आणि स्वतः उभी राहून उतरव!" मी भर उन्हात उभी राहून एकेक डबा उतरवून घेतला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या चुकीचा कोणाला तरी राग आला होता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, चहाचा कप आपापला आणायचा, इथे पाहुण्यांसाठी वेगळे कप नाहीत. मी आणला. रोज काळाचौकीच्या घरून चालत जायचे, संध्याकाळी कपड्यांना टर्पेंटाइनचा वास घेऊन यायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे.

मला तिथेच राहायचं होतं. इतकं साधं होतं ते. पण मी कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. प्रोग्रॅममध्ये पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आवडनिवड सांगायची नाही, फ्लेक्झिबल राहायचं. आणि घरी आईने लहानपणापासून तेच घोटून घेतलेलं: दुसऱ्याकडे मागून खायचं नाही, वाढलं तर खायचं. त्यामुळे "तुला कुठे आवडेल?" असं सुरुची मॅडमनी विचारलं, तेव्हा मी तोंडभर हसून म्हणाले, "कुठेही चालेल."

निर्णयाच्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "अपेक्षा, चारही साहेब तुझ्यावर खूश आहेत हं. एकाचीही तक्रार नाही."

"मग मागितलं कोणी?"

मागितलं कोणीच नव्हतं. सेल्सला वाटलं, हिला अकाउंट्सवाले सोडणार नाहीत. अकाउंट्सला वाटलं, मार्केटिंगने आधीच धरून ठेवली असेल. मार्केटिंगला आणखी तिसरंच काही वाटलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, माझी तर चार घरं होती.

"पण काळजी करू नकोस," मॅडम म्हणाल्या, "नव्या बॅचचा प्रोग्रॅम तू सांभाळ. तुला सगळी खाती माहीत आहेत." म्हणजे मी पुन्हा कुठल्याच खात्याची नाही.

मी तडक रे रोड गाठलं. जयवंत साहेब गाडी भरून घेत होते. "साहेब, तुम्ही मला मागितलं का नाहीत?"

ते माझ्याकडे वळले. "अगं, तू परळच्या एसीतली. इथे धुळीत राहशील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तुमच्या बॅचमधलाच तो बुद्धभूषण तुझ्या आधी इथे होता ना, त्याने दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, साहेब, मला इथेच ठेवा, मी हलणार नाही. त्याला घेतला." मग म्हणाले, "काम तुझं त्याच्यापेक्षा चांगलं, खोटं कशाला बोलू? एकदा बोलली असतीस तर! बस जरा, पाणी घे." ते इतक्या हळू आवाजात बोलले, तेव्हा मला कळलं की आता मी तिथेही पाहुणीच आहे.

महिन्याभराने परळच्या ऑफिसात मी नव्या बॅचसमोर उभी होते. फ्लेक्झिबल राहण्याबद्दलची स्लाइड पडद्यावर होती आणि मला ती वाचायचाही कंटाळा आला होता. पुढच्या रांगेतल्या ओवी नावाच्या मुलीने हात वर केला. "मॅम, तुम्हाला कुठलं खातं मिळालं?"

"कुठलंच नाही," मी म्हणाले. "चांगलं काम केलं की कोणीतरी आपणहून बोलावेल, असं मला वाटलं होतं. कोणी बोलावत नाही. जिथे राहायचंय ते तोंड उघडून मागा."

मागे बसलेल्या सुरुची मॅडमनी मोबाईलवरून मान वर केली. मला त्याचं काही वाटलं नाही.

चहाच्या सुट्टीत ओवी माझ्याजवळ आली. "मग मॅम, तुम्ही नंतर मागितलंत?"

मी हो म्हणायला गेले, पण ते खरं नव्हतं. जयवंत साहेबांनाही मी 'का मागितलं नाहीत' एवढंच विचारून आले होते. 'मला घ्या' हे शब्द तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नव्हते.