वरची फळी

हातोडी कुणाची चाललीय, हे धाकटीला चुलीपाशी बसूनच कळलं. दोन ठोके खिळ्यावर, एक बोटावर आणि मग शिवी. एवढं सुतारकाम येणारा घरात एकच माणूस होता. तिचा मोठा दीर.

गावानं त्याला फौजदार हे नाव ठेवलं होतं. पोलिसात तो कधीच नव्हता. पण दुसऱ्याच्या कामावर उभं राहून हुकूम सोडायची खोड अशी, की प्रेत उचलतानासुद्धा स्वतः खांदा न देता "जरा डावीकडून घ्या" म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तेही उंट दुसऱ्याचा!

धाकटी मागच्या अंगणात आली. सकाळी तिनं खुराड्याची छपराखालची फळी उचकटून ठेवली होती. सांज झाली, कोंबड्या आत गेल्या आणि फौजदार ती परत ठोकत होता.

"दादा, राहू द्या ती फळी. आत कोंडतंय."

"कोंडतंय? मग थंडीला पाट मांडून बोलावू का आत? तुला काय कळतंय त्यातलं!"

हा घाट त्याचाच. गारठ्याच्या तोंडाला त्यानं फर्मान काढलं होतं: फटी बुजवा, वरून प्लास्टिक ताणा, मुंगीलाही वाट ठेवू नका. धाकटीनं तेव्हा मान डोलावली. जुनी चादर फाडून फटींत चिंध्या कोंबल्या त्या तिनंच. म्हटलं, बरं सांगतोय. पुढं हीव पडलं, पाण्याच्या थाळीवर बर्फाची पापडी धरायला लागली, आणि खुराड्याचं दार उघडलं की नाकात झणका जायला लागला. डोळ्यांतून पाणी यायचं. फळ्यांना आतून हात लावला तर ओल्याचिंब. कोंबड्यांचाच श्वास आणि त्यांच्याच शिटेची वाफ, बाहेर जायला जागा नाही म्हणून थेंब होऊन त्यांच्याच डोक्यावर ठिबकत होती. ओल्या तुऱ्याला गारठा डसला. कोंबड्याचा तुरा टोकाला काळा पडला. भिंतीपलीकडच्या म्हातारीचं खुराडं फुटक्या टोपलीसारखं, पण तिच्या कोंबड्या ठणठणीत. तेव्हा धाकटीच्या डोक्यात उजेड पडला.

फौजदाराचा निवाडा मात्र उलटा. "तुरा काळा पडला म्हणजे थंडी अजून शिरतेय. आता एक जरी आजारी पडली, तर सगळ्या कापायच्या. मरून वाया जाण्यापेक्षा पोटात गेलेल्या बऱ्या."

पोट कुणाचं, हे सांगायला नको. पिल्लं असल्यापासून या कोंबड्या धाकटीनंच वाढवलेल्या. या घरात तिच्या हाकेला धावत येणारं दुसरं कोण होतं? नवरा? भाऊ समोर आला की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

शेवटचा खिळा बसला आणि आतून तांबडी कोंबडी घरघरली.

"ऐकलंस?" फौजदाराचा चेहरा जेवणाचं ताट दिसल्यासारखा खुलला. "सुरी आण."

"आणते," धाकटी म्हणाली. "आधी चहाचं पाणी ठेवते. ते उकळेपर्यंत तुम्ही आत बसा. बाहेर येऊन 'बरं वाटलं' म्हणा, मी माझ्या हातानं एकेक कापून देते."

"मी? खुराड्यात?"

भिंतीवर म्हातारीचं डोकं उगवलंच होतं. "काय हो फौजदार, दुसऱ्याला कोंडायचं तेवढं येतं होय?"

आता बाई हसल्यावर माघार कशी घ्यायची! तो वाकला, रांगला, आत शिरला. धाकटीनं कडी घातली. कोंबड्यांनी एकच कल्ला केला. मग खोकला. मग फळीवर धपाधप.

"उघड!"

"पाणी अजून कोमटसुद्धा नाही, दादा."

"उघड म्हणतो ना!"

"थंडी शिरेल की."

म्हातारी भिंतीवरून पडता पडता राहिली. कडी निघाली तसा फौजदार चारी पायांवर बाहेर आला. डोळे लाल, केसांत पेंढा, नाकातून धार. आणि खांद्यावर शिटेचा बिल्ला. उभ्या जन्मात फौजदारकी अंगावर दिसली ती तेवढीच.

धाकटीनं दाराशी पडलेली त्याची हातोडी उचलली आणि त्याच्या देखत वरची फळी उपटली. वाफेचा लोट बाहेर पडला. खालच्या चिंध्या तशाच ठेवल्या, अंगावर वारा नको म्हणून. ओला पेंढा काढून कोरडा टाकला. सुरीचं नाव कुणी काढलं नाही.

तांबडीची घरघर हळूहळू थांबली. फौजदाराची कशी थांबेल? पडलं तरी नाक वर. आता तो दारोदार सांगत फिरायला लागला, "खालून वारा नको, वरून कोंड नको. मी स्वतः आत बसून पाहिलंय!" आणि लोक मान डोलावून फळ्या काढायला लागले. धाकटीनं हेच सांगितलं असतं, तर कुत्र्यानंही वळून बघितलं नसतं.

म्हातारी चिडली. "अगं, तुझं शहाणपण मिरवतोय तो!"

"मिरवू दे. बसला होता की आत. खोटं कुठं बोलतोय?"

एका सकाळी तो पुन्हा अंगणात आला, हात मागं बांधून. "हे बघ, कोंबड्यांना दाणा द्यायची तुझी पद्धतच चुकीची..."

धाकटीनं खुराड्याचं दार सताड उघडलं आणि बाजूला सरकली.

"या दादा. पाणी ठेवते."

फौजदाराला एकदम कुणाच्या तरी गोठ्यावरचं काम आठवलं.