रुसणाऱ्यांची यादी

"पहिलं नाव शालिकरामचं घे," मी म्हटलं. सुभद्रानं, माझ्या सुनेनं, पाटीवर लिहिलं. मला सहीपुरतं लिहिता येतं. पण वस्तीत कोण कशावर फुगतो, हे माझ्याइतकं कोणी वाचलेलं नाही.

बोरिंगचा साहेब सांगून गेला होता, "आठ दिवसांत सगळे मिळून एक जागा ठरवा. भांडण दिसलं तर गाडी दुसऱ्या वस्तीत जाईल." त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरीत गाळ उरलेला. मी लग्नघराची रीत लावली. जो आधी रुसतो, त्याच्या दारी आधी जायचं. चार लग्नं अशीच पार पाडली मी; एकही पाहुणा रुसून पानावरून उठला नाही.

गल्लीच्या मधोमध साहेबानं सुचवलेल्या जागेवर चुन्याची खूण होती. शालिकराम म्हणाला, "माह्या दुकानापुढं चिखल नाही पाहिजे, भीमाबाई."

"तुह्या दुकानात गिऱ्हाईक येते कुठं गा, चिखलात फसाले?"

बोलायचं ते बोलले, पण खूण चढाच्या बाजूला वर सरकवली. पुढे कवडू. यंत्रानं त्याची भिंत हलेल म्हणे. आणखी वर. नानाजींना लिंबाच्या मुळ्यांची काळजी. अजून वर. पाच दिवस उन्हात उंबरे झिजवले, आणि खूण चढाच्या टोकाला पोचली. तिथं कोणाचं काही नव्हतं, म्हणून सगळे खूश. कागदावर अंगठे पडले. मी पाय चेपत बसले.

"आत्याबाई, तुळसाबाईले नाही इचारलं," सुभद्रा म्हणाली.

तुळसाबाईचं घर सगळ्यात खाली, नाल्याजवळ. एकटी बाई, गुडघे गेलेले.

"तिले काय इचारतं? ती कधी रुसली का?"

सुभद्रानं पाटी पुसली.

पाणी गोड लागलं. पहिल्या दिवशी शालिकरामच सगळ्यांच्या पुढे. तुळसाबाई सगळ्यांच्या मागून घागर घेऊन आली. चढावर तीनदा बसली. उतरताना अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. पुढल्या आठवड्यात तिच्या कमरेवर घागरीऐवजी लहान कळशी होती. मी पाहिलं, आणि बघितलंच नाही असं केलं.

आषाढातली आखाडी सरली तशी एका दुपारी ती पितळी तांब्या घेऊन आली. पंपावर मी एकटीच होते.

"आज एवढुसंच वं?"

"एकटीले किती लागते, माय."

"खूण वर सरकली तवा बोलली काहून नाहीस?"

ती पंपाच्या ओट्यावर टेकली, गुडघा धरून. "सगळे आपापलं सांगून राहिले होते. तू थकून गेली होतीस. अजून एक तोंड कशाले?"

रागानं बोलली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. मला ते येतं.

मी तिच्या हातून तांब्या घेतला, तोटीखाली ठेवला आणि दांडा हापसू लागले. तांब्या केव्हाच भरला होता. पाणी काठावरून वाहत चढावरून खाली, तिच्या दाराच्या दिशेनं, निघालं. मध्येच कुठंतरी मातीत जिरलं. मी हापसतच राहिले.